उंबराच्या पानावरचे बिऱ्हाड

(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या उत्सवात संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकाल असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्या मानाने मी आज आपल्यापुढे घेऊन आलेला विषय फारच लहान आहे. पंख पुरते पसरले तरी दोन-सव्वादोन इंचांपलीकडे जाणार नाही एवढा. कार्यवाहांनी विषयाचे नाव विचारले तेव्हा मी म्हणालो, ‘उंबरावरचा पतंग.’ त्यावर त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, ‘पतंग म्हणजे सर, संक्रांतीचा की दिव्यावरचा?’

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या मराठीत आकाशात उडवण्याच्या कागदालाही पतंग म्हणतात आणि ज्योतीवर झेप घेणाऱ्या कीटकालाही पतंगच म्हणतात. आपल्या काव्याने या दुसऱ्या पतंगाला एकच काम दिले आहे, ते म्हणजे जळून मरण्याचे. तो कोठे जन्मतो, काय खातो, दिवसा कोठे असतो, याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासली नाही. फुलपाखराचे नशीब त्याहून बरे. आपल्या धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचेच पाहा. घरची भाषा मराठी असलेला, पण कन्नड काव्याला ज्ञानपीठापर्यंत नेणारा हा साधनकेरीचा कवी. त्यांची ‘पातरगित्ती’ ही फुलपाखरावरची कविता या गावातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहे. पतंगावर तशी कविता कानडीत माझ्या ऐकिवात नाही आणि मराठीतही नाही. वास्तविक भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशे-चौदाशेच्या घरात, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक! असो.

माझा पतंग उंबरावरचा आहे. शास्त्रीय नाव ‘असोटा फायकस’. आषाढ-श्रावणात धारवाडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात, देवळाच्या पाराजवळ किंवा केलगेरीच्या तळ्याकडे जाताना उंबराची खालची फांदी हलवून पाहावी. पानाच्या पाठीमागून काहीतरी पिवळेधमक फडफडत निघते, चार हात अंतरावर जाऊन दुसऱ्या पानाखाली बसते आणि बसताक्षणी नाहीसे होते. नाहीसे होण्याचे कारण असे की याचे पुढचे पंख मातकट, राखी-तपकिरी. त्यांवर मध्यशिरेच्या बाजूने एक फिकट पट्टा आणि खांद्यापाशी पिवळा डाग, त्यात काळे ठिपके. मागचे पंख मात्र हळदीकुंकवातल्या हळदीसारखे नारिंगीकडे झुकणारे पिवळे, आणि त्यांवर काळ्या टिकल्या. पतंग बसला की मातकट पंखांचे पांघरूण पिवळ्यावर येते. आमच्याकडच्या बायका जरीच्या लुगड्यावर जुनी शाल पांघरून बाजारात जात, त्याची मला नेहमी आठवण होते. पोटही पिवळेच, त्यावरही काळे ठिपके. याचा सख्खा भाऊ म्हणावा असा ‘असोटा कॅरिकी’. त्याच्या पुढच्या पंखाच्या मध्यावर एक ठसठशीत पांढरा ठिपका असतो, म्हणून तो वेगळा ओळखता येतो. दोघांचेही अन्न वड-उंबराच्या गोतावळ्यातले.

या दोघांच्या नावांतच त्यांच्या जेवणाचे ताट वाढलेले आहे. ‘फायकस’ ही वड, पिंपळ, उंबर, नांदुरकी, काळा उंबर आणि अंजीर या सर्वांची प्रजाती. ‘कॅरिका’ हे अंजिराच्या जातीचे नाव. ही दोन्ही नावे १७७५ सालची. लिनियसचा डॅनिश शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस याने ती दिली. म्हणजे नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात बारभाईंचे कारस्थान चालू होते, त्या वर्षांत युरोपातल्या एका लॅटिन ग्रंथात आपल्या उंबरावरच्या पतंगाची नोंद झाली होती. पुढे १८९२ मध्ये हॅम्पसनने ब्रिटिश हिंदुस्थानच्या पतंगांवरील ग्रंथाचा पहिला खंड काढला, तेव्हा यांची प्रजाती ‘हिप्सा’ आणि कुळ ‘हिप्सिडी’ होते. त्यानंतर हे कुळ दोनतीनदा मोडले आणि पुन्हा मांडले गेले. आता यांचा मुक्काम ‘एरेबिडी’ या मोठ्या कुळात आहे. शास्त्रज्ञांच्या घरातली ही वाटणीची भांडणे मी येथे वाढवीत नाही. एवढेच सांगतो की जुन्या पुस्तकात ‘हिप्सा’ दिसला तर तो हाच, असे समजावे.

तथापि कोरड्या वर्णनापेक्षा मला मोलाचे वाटते ते दुसरेच काम, आणि ते आपल्या दाराशी झाले. हुबळीहून पश्चिमेला घाट उतरून गेले की कारवार येते. १९५६ च्या नोव्हेंबरपूर्वी धारवाड आणि कारवार हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते, हे येथील ज्येष्ठांना सांगण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारवारात तीन गोरे अंमलदार एकत्र आले. जेम्स डेव्हिडसन हे कलेक्टर. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे मीठ व जकात खात्यातले. यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झालेला, आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधील संस्थापकांपैकी ते एक. तिसरे टी. आर. बेल, जंगल खात्यातले. या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर जी लेखमाला लिहिली, ती १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली. तिचे वैशिष्ट्य असे की ती मेलेल्या, टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांपुरती थांबत नाही. अंडे कोठे घातले जाते, अळी कोणत्या झाडाचे पान खाते, ती पानाच्या वरच्या अंगाला बसते की खालच्या, कोश कसा लटकतो, हे सारे घरी अळ्या पाळून लिहिलेले आहे. बेलसाहेब १९२० मध्ये निवृत्त झाले. ते विलायतेला परत गेले नाहीत, कारवारातच राहिले आणि १९४८ साली त्यांचे निधन झाले. पतंगांपैकी ‘स्फिंजिडी’ या कुळावरचा मोठा ग्रंथ त्यांनी मेजर स्कॉट यांच्या साहाय्याने १९३७ मध्ये पुरा केला, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते.

हे मी कौतुकापोटी सांगत असलो तरी त्यात थोडी खंतही मिसळलेली आहे. या साऱ्या कामात रानातून अळ्या शोधून आणणारी, झाडांची नावे सांगणारी माणसे आपल्याकडची होती. कानडी, कोकणी, मराठी बोलणारी. त्यांची नावे त्या पानांवर अपवादानेच सापडतात. ज्ञान मात्र सगळे इंग्रजीत गेले. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात उंबराच्या धार्मिक माहात्म्याची पुस्तके आहेत, औषधी उपयोगांची आहेत. उंबराच्या पानावर कोण राहते हे सांगणारे एकही मराठी पुस्तक मला तेथे आढळले नाही.

आता त्या पानाकडे वळू.

मादी पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका घालते. त्यांतून निघालेली पिले प्रथम एकत्रच राहतात. एका पंगतीत बसल्यासारखी ती पानाचा खालचा हिरवा थर खरवडतात. शिरा आणि वरचा पापुद्रा ठेवतात, त्यामुळे पानाला जाळी पडते. मोठी झाली की पंगत मोडते आणि प्रत्येक अळी स्वतंत्रपणे पान काठापासून खाऊ लागते. अंग काळपट, त्यावर लांब पण विरळ पांढुरके केस. कानडीत केसाळ अळीला ‘कंबळी हुळु’, म्हणजे घोंगडीवाला किडा म्हणतात. आपल्या ‘सुरवंट’ या शब्दापेक्षा मला तो अधिक चित्रमय वाटतो. पण या अळीची घोंगडी फार विरलेली असते. वाढ पुरी झाल्यावर ती खाली उतरते आणि पालापाचोळ्यात किंवा पानाच्या घडीत चार धागे ओढून कोश करते. पावसाळ्यात अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास साधारणपणे महिन्याभराचा.

ऐकायला हे सोपे वाटते. परंतु उंबराचे पान खाणे ही गोष्ट सोपी नाही. देठ मोडून पाहा, पांढरा चीक भळभळून येतो. त्या चिकात प्रथिने पचवून टाकणारी द्रव्ये असतात. कच्च्या पपईच्या चिकात असतात तशीच. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई चोळण्याची रीत आपल्यापैकी काहींच्या स्वयंपाकघरात असेल. जो चीक मांस मऊ करतो तो अळीच्या पोटात गेला तर काय करील, याची कल्पना करावी. कोतारो कोन्नो या जपानी संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह २००४ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पपई आणि उंबराच्याच प्रजातीतील एक रानटी झाड यांची पाने त्यांनी वेगवेगळ्या अळ्यांना खाऊ घातली. त्यांत आसामात पाळला जाणारा एरी रेशमाचा किडाही होता. पाने त्यांना घातक ठरली. तीच पाने बारीक कापून, चीक धुऊन दिली तेव्हा त्यांचा घातकपणा उरला नाही. म्हणजे पान खाण्याजोगे असते. अडसर असतो तो त्यातल्या चिकाचा.

हा अडसर काही कीटकांनी फार युक्तीने ओलांडला आहे. चीक शिरांतून वाहतो. म्हणून चिकाच्या झाडांवरच्या कित्येक अळ्या आणि भुंगेरे जेवायला बसण्यापूर्वी शीर कुरतडून ठेवतात. पुढच्या भागाकडे जाणारा चीक तेथेच गळून जातो आणि मग कोरड्या पडलेल्या टोकावर जेवण सुरू होते. कालव्याचे दार वर बंद करून खालच्या पाटातले मासे धरावेत तसे! ड्युसोर्ड आणि आइस्नर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये या युक्तीचे सविस्तर वर्णन केले. असोटाच्या उपकुळातल्या बहुतेक पतंगांचा संसार अशा चिकाच्या झाडांवरच चालतो. इतरांना जे ताट वर्ज्य, ते यांना मोकळे मिळालेले आहे. मागच्या पंखांवरचा तो भडक पिवळा रंगही याच कथेचा भाग मानला जातो. चवीला वाईट असणाऱ्या कीटकांनी अंगावर लावलेली ती पाटी आहे, आणि एकदा तोंड पोळलेला पक्षी ती पाटी वाचायला शिकतो.

तुतीचे झाडही उंबराच्याच कुळातले, आणि फणसही. तुतीच्या चिकातली विषारी द्रव्ये इतर अळ्यांना मारतात, रेशमाच्या किड्याला मात्र बाधत नाहीत. ज्या कर्नाटकात देशातले सर्वांत जास्त रेशीम पिकते, तेथे हे सांगताना मला विशेष आनंद होतो. रेशमाच्या किड्याचा एक लहानसा चुलतभाऊ, ‘ट्रायलोका व्हेरियन्स’, आपल्या वड-पिंपळांवर राहतो. त्याच्या अळीच्या शेपटीवर रेशीमकिड्यासारखेच छोटे शिंग असते. पैठणीला लागणारा धागा आणि पिंपळाच्या पानावरचा हा दुर्लक्षित कोश एकाच घराण्यातले आहेत.

उंबरावर आणखी बरेच भाडेकरू असतात. ‘पेरिना न्यूडा’ नावाच्या पतंगाच्या नराचे पंख काचेसारखे पारदर्शक. याची अळी मात्र दाट केसांची आणि खाज आणणारी, तिच्यापासून मुलांनी लांबच राहावे. अगदी बारीक, नखाएवढ्या पतंगांचे एक कुळ आहे, ‘कोर्यूटिडी’. यातले पुष्कळसे उंबराच्या गोतावळ्यावर जगतात. पानांवर विरळ जाळे विणून त्याखाली यांच्या अळ्या खरवडत बसतात. मोठे झालेले पतंग भरदिवसा पानावर पंख उभारून, मोरासारखे डौलात इकडून तिकडे चालतात. पंखांवर धातूसारखे चमकते ठिपके. याच कुळातील ‘ब्रेन्थिया’ या पतंगांवर २००६ साली मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे पतंग आपले पंख अशा रीतीने धरतात की समोरून पाहणाऱ्याला ते उडी मारणाऱ्या कोळ्यासारखे दिसतात. आणि खरा कोळी समोर आला की तो यांना भक्ष्य न समजता दुसरा कोळी समजून हद्दीच्या भांडणाचे हातवारे करू लागतो! नखाएवढ्या जिवाने शत्रूचेच सोंग घ्यावे, हे नाटक आमच्या संगीत रंगभूमीलाही सुचले नसते.

इतका वेळ मी आपल्याला पानाखाली रमवले. आता ज्या कारणासाठी हा विषय निवडला ते सांगतो.

काही पावसाळ्यांपूर्वी धारवाडातील एका वसाहतीत, एका लहान देवळाच्या आवारात, एक चांगला भरदार औदुंबर होता. तेथे दरवर्षी मी असोटाच्या अळ्या पाहत असे. त्या वर्षी अळ्या जास्त झाल्या, पारावर त्यांची विष्ठा पडू लागली, प्रदक्षिणा घालणाऱ्या एका बाईंच्या पदरावर एक अळी पडली. तक्रारी झाल्या. झाड तोडावे असे कोणी म्हटले नाही. औदुंबराला कुऱ्हाड लावायला कोणाचा हात धजत नाही, दत्तभक्तांच्या वस्तीत तर नाहीच. फवारणी करावी असे ठरले, आणि त्याला कोणी आक्षेप घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा पार झाडून काढण्याचे काम चालले होते. सुपात भरलेल्या त्या कचऱ्यात अळ्या होत्याच; शिवाय मुंगळे होते, चतुर होता, दोन-तीन प्रकारच्या गांधीलमाश्या होत्या, आणि अळीच्या अंगात अंडी घालून तिची संख्या आवरणाऱ्या माश्याही होत्या. पुजारीबुवांनी मला समाधानाने सांगितले, ‘देवाचे झाड स्वच्छ झाले.’

पुजारीबुवांवर माझा राग नाही. झाड पवित्र आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले होते, त्या झाडावर राहणाऱ्यांविषयी कोणीच काही सांगितले नव्हते. आणि हे सांगण्याचे काम कोणाचे? आम्हा शिक्षकांचे, आणि अशा ग्रंथालयांचे.

गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचे माहात्म्य आले आहे. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांना विषाचा दाह होऊ लागला, तो औदुंबराच्या फळांत नखे रोवल्यावर शमला, अशी ती कथा. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर हे स्वतःची बोली मराठी नसल्याचे सांगतात. कानडी घरातून आलेला हा ग्रंथकार आणि कर्नाटकातले गाणगापूर, यांच्यामुळे उंबर हा कृष्णेच्या दोन्ही तीरांवरच्या लोकांचा झाला. मराठी ‘उंबर’ आणि कानडी ‘अत्ती’ यांच्या खाली एकच पार असतो. मला त्या कथेत एक गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. या झाडाने विष शोषून घेतले म्हणून ते पूज्य झाले, आणि आज आपण त्याच झाडावर विष फवारतो.

शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे, हे मी स्पष्ट करतो. पुरंदर तालुक्यातला अंजीर-उत्पादक, ज्याच्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्यासाठी पान म्हणजे उत्पन्न. त्याने कीड आवरावी, शक्यतो जपून आवरावी. परंतु देवळातला उंबर, रस्त्याकडेचा वड, शाळेच्या आवारातली नांदुरकी यांच्या पानांवर कोणाचा प्रपंच अवलंबून आहे? अळ्यांनी निम्मी पाने खाल्ली तरी धडधाकट उंबर मरत नाही, पुन्हा पालवी फुटते. चार-सहा आठवड्यांत अळ्यांचा बहर आपोआप ओसरतो. कारण परजीवी माश्या वाढलेल्या असतात, आणि पक्षी आलेले असतात. केसाळ आणि कडवट अळ्या खाणाऱ्यांत कोकिळेचे घराणे अग्रेसर. मे महिन्यात ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडणारा पावशा आणि पावसाच्या तोंडावर समुद्रापलीकडून येणारा चातक हे दोघेही त्याच घराण्यातले. चातक केवळ मेघाचे थेंब पिऊन जगतो असे कवी सांगत आले. प्रत्यक्षात तो आपल्या अळ्यांसाठी आलेला असतो!

सुचवायचे आहे ते फार थोडे आहे. फवारणी करू नये. अळ्या पदरावर पडतात ही अडचण खरी असेल तर चार आठवडे प्रदक्षिणेच्या वाटेवर एक कापडी छत बांधावे. दाट केसांच्या अळीला हात लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये. आणि उंबराखालचा पाचोळा गोळा करून जाळू नये. असोटाचे कोश त्यातच असतात. पाचोळा जाळणे म्हणजे पुढच्या पिढीला पाळण्यातच आग लावणे. एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात तो लोटून द्यावा, खतही होईल.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याला या गावापुरते आणखी एक कारण आहे. आपले हे जोडशहर मोठ्या चमत्कारिक जागी वसलेले आहे. पश्चिमेला कलघटगी, हल्याळ, दांडेलीकडे मलनाडाची झाडी, आणि पूर्वेला नवलगुंदाकडे काळ्या मातीचे उघडे मैदान. रानातले जीव आणि माळावरचे जीव यांची गाठ आपल्या अंगणात पडते. शहरातले जुने वड-उंबर हे या जिवांचे मधल्या मुक्कामाचे थांबे आहेत. हुबळी आणि धारवाड यांना जोडणाऱ्या जलद बससेवेसाठी रस्ता रुंद झाला, २०१८ मध्ये त्या बसगाड्या धावू लागल्या. सोय झाली हे मी नाकारीत नाही, मीही त्याच बसने आज येथे आलो. पण त्या रुंदीकरणात सावलीची किती जुनी झाडे गेली, हे त्या रस्त्याने चाळीस वर्षे प्रवास केलेल्यांना आठवत असेल. दुभाजकात नंतर शोभेची विदेशी झुडपे आली. त्यांच्यावर असोटाला ठेवण्यासारखे एक अंडेही नाही. उंबराची अळी भुकेने मरेल पण गुलमोहराचे पान खाणार नाही. झाड गेले की तो सारा पाहुणवाडा गेला. म्हणून जे उंबर देवळांच्या आणि वाड्यांच्या आश्रयाने उरले आहेत, त्यांची किंमत आता पूर्वीपेक्षा अधिक झाली आहे.

शेवटी ग्रंथालयाकडे एक मागणे. शताब्दीनिमित्त आपण नव्या कपाटांसाठी निधी जमवीत आहात. त्याच्या जोडीला एक दोनशे पानांची साधी वही देवघेवीच्या टेबलावर ठेवावी. सभासदांनी तीत आपल्या घराजवळच्या वड, पिंपळ, उंबर, नांदुरकी यांची नोंद करावी: झाड कोणते, कोठे आहे, कोणत्या तारखेला त्यावर काय दिसले. इंग्रजी नाव ठाऊक नसले तरी चालेल. ‘पिवळे पंख, काळ्या टिकल्या, पानाखाली बसला होता’ एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. कारवारच्या त्या तिघांनीही सुरुवात अशाच नोंदींनी केली असणार. मराठीत आणि कानडीत, दोन्ही भाषांत लिहावे. आपल्या सभासदांपैकी बहुतेकांना दोन्ही येतात. असोटाला मराठी नाव नाही. पुढेमागे एखाद्या मुलाच्या नोंदीतून ते सापडले तर ते आमच्या पंडितांच्या पारिभाषिक शब्दांपेक्षा खासच गोड असेल.

जगभर २०१२ पासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पतंगांचा सप्ताह पाळतात. आपल्याकडे तो आषाढ-श्रावणात येतो, असोटाच्या भरात. त्या सप्ताहातल्या एका संध्याकाळी, पाऊस थांबलेला असेल तेव्हा, ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात एक पांढरे धोतर दोरीवर पसरावे आणि त्याच्यासमोर एक दिवा लावावा. बाकी काही लागत नाही. सात ते दहा या वेळात जे जे येऊन बसेल त्याची नोंद वहीत करता येईल, आणि दहा वाजता दिवा मालवून सगळ्यांना जाऊ द्यावे. धोतर मी आणीन. दिव्याची आणि चहाची व्यवस्था कार्यवाहांनी पाहावी, अशी त्यांना या सभेतच विनंती करतो.